डाव्या पायाचा रजेचा अर्ज

११ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ५.४०

आजपासून रोजनिशी. दुसऱ्या कोणी वाचायची नाही. बायकोची, चंद्रप्रभाची, भीती नाही. तिला स्वतःचा चष्मा सापडत नाही, माझी वही काय सापडणार.

विषय: पाय.

वस्तुस्थिती अशी. गेली काही वर्षं डावं पाऊल चालताना लोंबतं आणि फरशीवर फटकन आपटतं. तळव्यांची आग होते. पिंढरीत गोळे येतात. दुपारचे तीन वाजले की अंगातला जीवच जातो, फाइल उचलायची म्हटली तरी विचार करावा लागतो. कारणं उघड आहेत. दिल्लीची हवा, बुटांचा घसरलेला दर्जा, आणि ऑफिसच्या कॉरिडॉरमधल्या नव्या टाइल्स. डिस्पेन्सरीतल्या डॉक्टरने नसांच्या डॉक्टरला दाखवा म्हणून चिठ्ठी दिली. जेमतेम तिशीचा पोरगा. चिठ्ठी फाइल केली.

मी चोपन्न वर्षांचा, केंद्र सरकारात सेक्शन ऑफिसर, एस्टॅब्लिशमेंट. सदतीस माणसांच्या रजा माझ्या सहीने मंजूर होतात, म्हणजे बहुतेक वेळा होत नाहीत. कोण खरं आजारी आणि कोण सोंग करतंय हे मी अर्जाच्या पहिल्या ओळीवरून ओळखतो. सगळेच सोंग करतात.

तेव्हा ठरवलं: शरीर म्हणजे एक सेक्शनच. उजवा पाय जुना माणूस, बरा आहे. डावा कामचोर. नियम एक: मंजुरीशिवाय विश्रांती नाही. नियम दोन: न घेतलेली विश्रांती ईएलप्रमाणे खात्यात जमा होईल आणि पुढे एकदम घेता येईल. सरकारी नोकराची कमावलेली रजा तीनशे दिवसांपर्यंत साठते. माझे तीनशे केव्हाच भरले. जे तत्त्व भारत सरकारला चालतं ते पायांना न चालायला काय झालं?

डाव्या पायाने आज जिन्यातच बसायची परवानगी मागितली. नामंजूर.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

विश्रांती घेतली: शून्य. जमा: दोन तास.

संपदासाठी घरी फिजिओथेरपिस्ट येऊन गेला. संपदा म्हणजे माझी मुलगी. पंचवीस वर्षांची, गुरुग्रामच्या एका टॉवरमध्ये अकराव्या मजल्यावर स्क्रीनसमोर बसते आणि त्याला करिअर म्हणते. जूनपासून अडखळते, बोटं बधिर आहेत म्हणते. तिकडच्याच एका खाजगी हॉस्पिटलात ठेवलं होतं. करंट लावून बघितलं आणि निष्कर्ष काढला की शरीराची स्वतःचीच फौज तिच्या नसा खाते आहे. सप्टेंबरपासून स्टेरॉइडच्या गोळ्या चालू. चेहरा सुजला, झोप उडाली. पायात फरक शून्य.

भरती करताना फॉर्म मीच भरला. लोक अर्धे रकाने कोरे सोडतात. मी एकही सोडला नाही. घरात अजून कोणाला असा त्रास आहे का, असा रकाना होता. तिथे लिहिलं: निल. सुवाच्य अक्षरात, खाली रेघ मारून. डॉक्टरने वाचलं आणि म्हणाला, घराण्यात नाही म्हणजे हे नंतर उद्भवलेलं, औषधाने उतरेल. कागद नीट भरलेला असला की समोरच्याला निर्णय घेता येतो. हे आमच्या ऑफिसातल्या ममताला कधी कळणार?

१६ नोव्हेंबर, शनिवार

आंघोळीनंतर पावलं निरखली. कमान इतकी उंच की खालून उंदीर जाईल. बोटं आत वळलेली. पिंढऱ्या बारीक. वडिलांचे पाय असेच होते, आजोबांचेही असेच. आजोबा म्हणायचे हे राजलक्षण आहे, सपाट पाय हमालांचे. चालही घराण्याची: गुडघा वर उचलून पाऊल टाकायचं. वडिलांना त्यांच्या ऑफिसात 'घोडा' म्हणत. अर्थात कौतुकाने. शेवटची आठ वर्षं ते घराबाहेर पडले नाहीत, पण तो स्वभावाचा भाग.

संपदाची कमानही तशीच आहे. तेवढं एक माझं घेतलं. बाकी रडकेपणा सगळा आईकडचा. चंद्रप्रभाच्या माहेरी सगळ्यांची पावलं पोळपाट.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

फिजिओवाला जयदीप. रोहतककडचा, मानेला मफलर, तोंडात च्युइंगगम. संपदाला शिकवत होता की काम तुकड्या-तुकड्याने करायचं आणि थकायच्या आधीच बसायचं. थकायच्या आधी? म्हणजे आजारी पडायच्या आधी मेडिकल लीव्ह! असला नियम कुठल्या पुस्तकात आहे ते त्याला विचारलं. हसला.

मग जाताना दारात थांबून माझ्या चालीकडे बघत राहिला. म्हणाला, अंकल, जरा आपके भी पैर दिखाइए. मी म्हटलं, आप मरीज़ को देखिए. मी दार लावलं. दार लावताना उंबऱ्याला अडखळलो, कारण तो उंबरा चुकीच्या जागी आहे.

संपदाला पिंढरी हा शब्दही माहीत नाही. 'वो काफ वाला हिस्सा' म्हणते. दिल्लीत वाढलेल्या पोरांकडून आणखी काय अपेक्षा करायची.

२५ नोव्हेंबर, सोमवार

मेट्रोत एक बाई उठून जागा द्यायला लागल्या. मी सांगितलं की मी चोपन्नचा आहे, बसा तुम्ही. त्या म्हणाल्या, उमर की बात नहीं है भाईसाब. काय म्हणायचं होतं कोण जाणे. मी उभाच राहिलो. हौज खासला गाडीने ब्रेक मारला आणि मी त्यांच्याच मांडीवर बसलो. पूर्ण डबा बघत होता. ड्रायव्हरला गाडी चालवता येत नाही.

जमा विश्रांती: सव्वीस तास.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

ममताचा अर्ज. ममता म्हणजे माझी असिस्टंट. गुडघा दुखतो, तीन दिवस. शेरा मारला: गुडघा आसनस्थ कामास अडथळा आणत नाही. नामंजूर. तोंड पाडून गेली. काम करायचं नाही तर सरळ सांगावं. उगाच नाचता येईना अंगण वाकडं.

दुसरी भानगड. लिफ्टपासून माझ्या खोलीपर्यंतच्या कॉरिडॉरमध्ये बरोबर मध्यावर कोणीतरी रोज एक खुर्ची आणून ठेवतं. सरकारी मालमत्तेची ही कदर. मी येता-जाता पाच-पाच मिनिटं त्या खुर्चीवर बसतो, खुर्ची कोण ठेवतं ते पकडायला. अजून कोणी सापडलं नाही. पाळत चालू ठेवणार.

१० डिसेंबर, मंगळवार

थंडी पडली. बोटं दगड. बुटाचा बंद बांधायला अकरा मिनिटं. हातही आता डाव्या पायाच्या संगतीला लागलेत. एक नासका आंबा पेटी नासवतो.

पोरीची सकाळ अकराला उगवली. संपदा रात्रभर जागी असते आणि मग सकाळी आठला झोपते. तिच्या कंपनीने तिला घरून काम दिलं आहे. आमच्या वेळी असलं काही नव्हतं. मी शब्द टाकला की एवढी धष्टपुष्ट दिसतेस, चाल की जरा खाली कॉलनीत. तिने आत जाऊन आरसा कपाटाकडे तोंड करून ठेवला. नाटकं.

१५ डिसेंबर, रविवार

मंत्रालयाचा वार्षिक क्रीडा दिवस शुक्रवारी. पन्नाशीच्या वरच्यांसाठी चालण्याची शर्यत, चारशे मीटर. नाव दिलं. घरातल्यांना, जयदीपला आणि त्या डिस्पेन्सरीतल्या पोराला एकदाच उत्तर मिळू दे.

सराव: कॉलनीच्या बागेला तीन फेऱ्या ठरवल्या. एक झाली. उरलेल्या दोन खात्यात जमा.

२० डिसेंबर, शुक्रवार

जवळजवळ जिंकलो!

नऊ स्पर्धक. बाकी सगळे लेखा विभागाचे, पोटं सुटलेले. शिट्टी झाली आणि मी आमच्या घराण्याच्या चालीने निघालो. पन्नास मीटरवर पंचाने झेंडा दाखवून मला बाद केलं. कारण काय? तर मी धावतोय! माझे गुडघे इतके वर जात होते की त्याला ते चालणं वाटेना. चोपन्नाव्या वर्षी धावण्याच्या आरोपावरून बाद झालेला या मंत्रालयाच्या इतिहासात मी पहिलाच असेन. लेखी निषेध नोंदवायचा विचार होता, पण म्हटलं राहू दे, हा तर सन्मान आहे.

परत येताना मैदानावरून गाडीपर्यंत ममताने आणि शिपायाने धरून आणलं. तो गर्दीचा रेटा होता.

जमा विश्रांती: त्र्याहत्तर तास.

२५ डिसेंबर, बुधवार

नाताळची सुट्टी, त्याला दोन सीएल, म्हणजे किरकोळ रजा, जोडल्या. जमा विश्रांतीपैकी अठ्ठेचाळीस तास एकदम घेणार. जयदीपचा तुकड्या-तुकड्यांचा सिद्धांत आता उघडा पडेल. चंद्रप्रभाला सांगितलं, शुक्रवारपर्यंत मला हाक मारायची नाही. ती म्हणाली, बरं. एवढ्या लवकर बरं म्हणायची गरज नव्हती.

२७ डिसेंबर, शुक्रवार

अठ्ठेचाळीस तास पडून होतो. उठलो तर उजवा पायही उभा राहीना. कंबर धरली. तळव्यांची आग तशीच. बाथरूमपर्यंत भिंतीला धरून गेलो. उरलेले पंचवीस तास कुठे गेले? खात्यात तर होते. न वापरलेली विश्रांती पुढे नेता येत नसेल तर ते आधी सांगायला नको? शरीराचं प्रशासन अत्यंत गलथान आहे.

उपाय: नवीन वर्षात नवीन खातं.

७ जानेवारी, मंगळवार

चंद्रप्रभा मला न विचारता संपदाला घेऊन मोठ्या सरकारी हॉस्पिटलात गेली. दुसरं मत घ्यायला. सकाळी सहाला रांगेत उभी राहिली म्हणे. तिथे कोणी डॉक्टरीणबाई आहेत, केरळच्या. त्यांनी संपदाचे बूट काढायला लावले, पावलं बघितली, आणि कागद वाचायच्या आधीच विचारलं की घरात असे पाय अजून कोणाचे आहेत.

त्यांचं म्हणणं चंद्रप्रभाने दोनदा सांगितलं, मी ठार बहिरा असल्यासारखं. हे घराण्यातून आलेलं असेल तर स्टेरॉइडचा उपयोग शून्य, नुकसान मात्र रोजचं. घराण्यातलं नसेल तर गोळ्या चालू ठेवायलाच हव्यात, मध्येच सोडल्या तर पाय कायमचे जातील. पोरीला बघून ठरत नाही. आई-वडिलांचे पाय बघायचे आणि नसांना करंट लावून तपासायचं. वीस मिनिटांचं काम.

मी सांगितलं, अवश्य. आधी तू जा. पोळपाटांची तपासणी आधी.

१० जानेवारी, शुक्रवार

चंद्रप्रभाची तपासणी झाली. नसा उत्तम. बावन्नाव्या वर्षी विशीच्या मुलीसारख्या, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. हे वाक्य आता मला घरात वीस वर्षं ऐकावं लागणार.

सरकारी यंत्रं जुनी असतात. एखाद्या वेळी चुकतात.

मला सोमवारी जायला सांगितलं आहे. सोमवारी ऑडिट पार्टी.

१४ जानेवारी, मंगळवार

ऑडिट पार्टी आलीच नाही. पण येऊ शकली असती.

संक्रांत. चंद्रप्रभाने तिळगूळ हातावर ठेवला आणि गोड बोलायचं सोडून विचारलं की कधी जाणार. संपदाचे गाल आता डोळ्यांवर चढलेत. तिळगूळ तिने खाल्ला नाही. शुगर वाढली आहे, गोळ्यांमुळे.

१७ जानेवारी, शुक्रवार

बुटात घालायची प्लॅस्टिकची पट्टी जयदीपने संपदासाठी आणली. पाऊल लोंबू देत नाही. जाताना दुसरी एक टेबलावर ठेवून गेला, मोठ्या मापाची. कोणासाठी विचारलं तर म्हणाला, ऐसे ही रख लीजिए. हा मुलगा माल खपवायला बघतो आहे.

घरात कोणी नसताना घालून बघितली. पाय आपटला नाही. स्वयंपाकघरापर्यंत जाऊन आलो, परत गेलो, परत आलो. अकरा वेळा. मग काढून ठेवली. अशा गोष्टींची सवय लागते.

२२ जानेवारी, बुधवार

खुर्चीचा छडा लागला. आज मुद्दाम साडेआठला गेलो. ममता कॉन्फरन्स रूममधून खुर्ची उचलून आणत होती, स्वतः लंगडत. रंगेहाथ पकडलं. म्हटलं, हा काय प्रकार आहे. ती म्हणाली, सर, आप बीच में थक जाते हैं ना. ऑगस्टपासून रोज आणते. संध्याकाळी परत नेऊन ठेवते.

मी मेमो काढला: सरकारी फर्निचर विनापरवाना हलवल्याबद्दल खुलासा द्यावा.

मेमो अजून टेबलावरच आहे. सही राहिली. पेन चालत नव्हतं.

२७ जानेवारी, सोमवार

हॉस्पिटलची तारीख होती. गेलो नाही. संसदेचं अधिवेशन तोंडावर आहे, कुठला प्रश्न केव्हा येईल सांगता येत नाही. आमच्या सेक्शनला गेल्या सहा वर्षांत एकही प्रश्न आलेला नाही, म्हणून तर धोका जास्त.

चंद्रप्रभा ओरडली नाही. तिने माझं ताट वाढलं आणि उठून गेली. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. जेवण गार होतं.

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ७.१५

संपदा बाथरूममध्ये पडली. शुगर दोनशे नव्वद. मनगट मुरगळलं, मोडलं नाही. चंद्रप्रभा आणि मी मिळून तिला उठवायला गेलो. मी खाली वाकलो आणि मलाच उठता येईना. मग चंद्रप्रभाने आधी मला उठवलं, मग तिला. तोवर पोरगी ओल्या फरशीवर बसून होती. हसली पण. म्हणाली, आई, एक-एक करके.

डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्यांनी विचारलं, वडील अजून का आले नाहीत. चंद्रप्रभा फोनवर काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. तेवढ्यात स्पीकर बंद करून ती फोन घेऊन आत गेली.

११ फेब्रुवारी, मंगळवार

उद्या जाणार. कोणाच्या दबावाखाली नाही. एकदा जाऊन त्या बाईंना दाखवून देतो की या पायांत काही नाही; म्हणजे घराण्याचा प्रश्न मिटेल, पोरीचं औषध बिनघोर चालू राहील. तयारी: बुटांना पॉलिश. टाचांवर उभं राहायला सांगतात म्हणे. सराव केला. कपाटाला धरून जमतं. कपाट बरोबर नेता येणार नाही, पण तिथे भिंत असेलच.

१२ फेब्रुवारी, बुधवार. दुपारी

टॅक्सीतून लिहितोय, म्हणून अक्षर असं. पुढच्या सीटवर चंद्रप्रभा. माझ्या शेजारी संपदा, खिडकीकडे तोंड.

क्रमाने लिहितो.

खोलीत शिरलो. दारापासून टेबलापर्यंत सात-आठ पावलं. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं आणि पूर्ण बघत राहिल्या. मी बसायच्या आधीच म्हणाल्या, थँक यू, इतना काफ़ी है. तरी बूट काढायला लावले. टाचांवर उभं करायला दोघांनी धरलं, तरी जमलं नाही. मी सांगितलं की फरशी गुळगुळीत आहे.

मग करंट. यंत्रावरच्या मुलाने आकडा वाढवला, परत वाढवला, परत. मला काही जाणवलं नाही. मी त्याला म्हटलं, आणखी वाढवा, मी सहन करू शकतो. तो म्हणाला, अंकल, ये सबसे ऊपर है.

नंतर बाईंनी शिकाऊ डॉक्टरांना बोलावलं. सात-आठ पोरं-पोरी माझ्या पावलांभोवती उभी राहिली. एकीने कमानीखालून चार बोटं घालून बघितली. आजोबांची आठवण झाली. शेवटी कोणाला तरी या पायांची किंमत कळली असं वाटलं. मग बाईंनी त्यांना आजाराचं नाव सांगितलं: तीन परक्या डॉक्टरांची नावं एकापुढे एक जोडलेली. पोरांनी ते वहीत लिहून घेतलं. आमच्या घराण्याची चाल.

बाईंनी संपदाची गुरुग्रामची फाइल उघडली. पहिल्याच पानावर बोट ठेवलं आणि विचारलं, ये किसने भरा था?

संपदाने माझ्याकडे बघितलंही नाही. मी म्हटलं, मी.

बाई चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त मान हलवली आणि संपदाला समजावून सांगितलं. गोळ्यांची गरज नव्हती. पाच महिने. त्या एकदम सोडता येत नाहीत, हळूहळू कमी करायला आणखी दोन महिने लागतील. चेहरा उतरेल. शुगर बहुतेक उतरेल. हाडांची तपासणी करू. पायांवर औषध नाही. पट्ट्या, व्यायाम, आणि थकायच्या आधी बसणं.

मला विचारलं, कबसे है. मी म्हणणार होतो, दोन-तीन वर्षं, टाइल्स बदलल्यापासून. तोंडातून निघालं, आठवीपासून. तेव्हा चंद्रप्रभाने मान वळवून बघितलं. तिलाही माहीत नव्हतं.

टॅक्सी रिंग रोडवर अडकली आहे. इथे लिहिण्यासारखं आणखी काही नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार. सकाळी ९

ऑफिसला कळवलं, येत नाही. कारण विचारलं तर काय सांगावं सुचेना. ममता म्हणाली, सर, कारण नंतर लिहा.

संपदा टेबलापाशी बसून चाकूने गोळीचे तुकडे करत होती. कमी केलेला डोस. मी समोर बसलो. तिने विचारलं, रागाने नाही, अगदी एखादी वस्तू कुठे ठेवली विचारावं तसं.

"बाबा, तुम्हाला माहीत होतं. मग निल का लिहिलंत?"

उत्तरं पुष्कळ होती. घराणं. राजलक्षण. वडिलांचा स्वभाव. रकाना लहान होता. बत्तीस वर्षं लोकांच्या खोट्या कारणांवर शेरे मारले, त्यामुळे कुठलं टिकेल आणि कुठलं टिकणार नाही हे मला लगेच कळतं. यातलं एकही टिकणारं नव्हतं.

मी म्हटलं, "मला वाटलं, लिहिलं तर तुझ्यात येईल. कागदावर नाही, तोवर नाही."

तिने आणखी एक तुकडा कापला.

"पण आलंच होतं ना," ती म्हणाली.

मग तिला पाणी हवं होतं. मी उठायला लागलो. ती म्हणाली, बसा, मी आणते, आणि तीही उठायला लागली. दोघंही टेबलाला धरून अर्धवट उभे. शेवटी चंद्रप्रभाने आतून पाण्याचा ग्लास आणून दिला. दोन आणले होते.